सायमाची तेरावी

मूळच्या फिनलंडच्या हेक्काला मंडळींना एकमेकांशी खरं बोलायला एक ठरावीक जागा लागते, आणि ती जागा दर शनिवारी चारच्या सुमाराला तापायला घालतात. आज ती अडीचलाच पेटलेली होती. मार्लिस गाडीतून उतरली तेव्हा अंगणाच्या कडेला मळक्या बर्फाचा ढीग अजून कंबरभर होता, एप्रिल संपत आला तरी, आणि सौनाच्या, म्हणजे वाफेच्या न्हाणीघराच्या, चिमणीतून धूर सरळ वर चालला होता. तिची ब्याऐंशी वर्षांची आई लेम्पी दारात मॅपलची लाकडं रचत उभी होती.

"एवढ्या लवकर?" मार्लिसनं विचारलं.

"आज बोलायचंय."

"मग स्वयंपाकघरात काय वाईट आहे?"

"तिथं मार्चपासून बोलताहेत सगळे. काय निघालं त्यातून? एक बशी फुटली."

बशी फुटली रेनीच्या हातून, पण आर्विडच्या बोलण्यानं. मार्लिसनं तेव्हाच मनाशी अर्धी बशी थोरल्या भावाच्या नावावर मांडली होती आणि अर्धी धाकट्या भावजयीच्या. शाळेच्या कचेरीत बावीस वर्षं काढलेल्या बाईला दोष असा वाटून ठेवायची सवय लागते.

भांडण होतं सायमावरून. सायमा म्हणजे धाकट्या ग्लेनची आणि रेनीची एकुलती एक. पंधराव्या वर्षापर्यंत शाळेच्या फोटोत पहिल्या रांगेत, बसलेल्या मुलींत. स्की शर्यतीत चौसष्टांत एकसष्टावी, आणि उरलेल्या तिघींपैकी एकीची स्कीची पट्टी तुटलेली. मग कुणाला न सांगता-सवरता पोरगी वाढायला लागली. दोन वर्षांत आठ इंच. यंदा मार्चमध्ये मार्केट नावाच्या गावच्या शर्यतीत सुरुवातीलाच आपटली, सगळ्यांत मागे राहिली, आणि तिथून उठून चाळीसजणींना ओलांडून चौथी आली. तिसऱ्या चढावर व्हर्मांटच्या एका शाळेचा प्रशिक्षक हातात घड्याळ घेऊन उभा होता. आठवड्यात पत्र आलं: बारावी झाल्यावर आमच्याकडे आणखी एक वर्ष या, तेरावी म्हणा हवं तर, अर्धी फी माफ. उत्तर सोमवारपर्यंत.

आर्विड म्हणे पाठवा. रेनी म्हणे नाही. इथल्या कॉलेजात नर्सिंगची जागा मिळालेली होती, आणि ती जागा वर्षभर कुणी राखून ठेवत नाही, हे मार्लिसनंच फोन करून विचारलं होतं. ग्लेन काहीच म्हणत नव्हता. तो दुसऱ्यांच्या बर्फगाड्या दुरुस्त करतो. यंत्र काय म्हणतंय ते ऐकायची त्याला इतकी सवय झालेली की आपल्यालाही तोंड आहे हे तो विसरला असावा.

"सौनात सगळे चर्चमध्ये बसल्यासारखे बसतात," लेम्पी म्हणाली. "आवाज चढवायचा नाही, आणि आतलं बाहेर आणायचं नाही. आर्विड आणि रेनी तिथंच सरळ बोलतील."

मार्लिसनं आईकडे बघितलं. "आई, पुरुषांची पाळी पहिली. बायकांची दुसरी."

"मग?"

"मग भांडण ज्या दोघांचं, ती दोघं एका वेळी आत असणारच नाहीत."

लेम्पीच्या हातातलं लाकूड हातातच राहिलं. साठ वर्षं तिनं या घरातल्या पाळ्या लावल्या होत्या, आणि आजच हे ध्यानात आलं नव्हतं. "जाऊ दे," ती म्हणाली, "आता पेटलंय."

*

आर्विड वरच्या फळीवर बसला, ग्लेन खालच्या. लहानपणापासून असंच. आर्विडनं दगडांवर पळीभर पाणी टाकलं. वाफ कानांवर आली आणि दोघांनी माना खाली घातल्या.

"आज तरी बोलणार आहेस?" आर्विड म्हणाला. "का नुसता ऐकणार?"

"ऐकतोय."

"मुलगी तुझी आहे."

"माहितेय."

"मग बायकोला सांग की! अशी संधी दारात आलीय, आणि ही बाई—"

"आवाज," ग्लेन म्हणाला.

आर्विडनं आवाज उतरवला. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस, सबंध परगण्याच्या रस्त्यांवरचा बर्फ हटवणारा, पण सौनात आईचा धाक होता. ग्लेन विचार करत होता. मार्चपासून एक प्रश्न त्याच्या डोक्यात होता, आणि तो स्वयंपाकघरात विचारण्यासारखा नव्हता.

"आर्विड, तिकडं कोलोरॅडोत नक्की काय झालं होतं?"

"गुडघा."

गुडघ्याची गोष्ट घरात सगळ्यांना पाठ होती. आर्विडला चौदाव्या वर्षी मिशी फुटली, सोळाव्या वर्षी तो स्कीमध्ये सबंध द्वीपकल्पात पहिला आला, पुन्हा सतराव्या वर्षी आला, आणि अठराव्या वर्षी त्याला वर्षभर संघाबरोबर सराव करायला कोलोरॅडोत बोलावलं. दहा आठवड्यांत तो गुडघा धरून परत आला. तेव्हापासून त्या गुडघ्याला घरात एक मान होता. जिन्यावरून कपाट न्यायचं असलं की ग्लेनला हाक मारत.

"गुडघ्याला काय झालं होतं, ते विचारतोय," ग्लेन म्हणाला. "पडलास का? कुठं? कसा?"

आर्विडनं पुन्हा पाणी टाकलं, गरजेपेक्षा जास्त.

"काही झालं नव्हतं."

ग्लेननं वर पाहिलं नाही. वर पाहिलं असतं तर भाऊ पुढचं बोलला नसता.

"तिथं सगळे अठरा-एकोणीसचे. दर आठवड्याला प्रत्येकाचा वेळ कमी होत होता. माझा तेवढाच. तेविसाव्या दिवशी मला कळलं. माझं जे व्हायचं होतं ते सोळाव्या वर्षीच होऊन गेलं होतं. मी तिथं नुसता जेवत होतो." तो हसल्यासारखा झाला. "पुढचे सात आठवडे निमित्त शोधण्यात गेले."

"आईला?"

"कुणालाच नाही. कार्लालासुद्धा नाही, आणि तिच्याशी एकतीस वर्षं संसार केला."

ग्लेननं तोंडावरचा घाम पुसला. "मग सायमाला पाठव, पाठव म्हणून का मागं लागलायस?"

"मला बघायचं होतं रे, की—" आर्विड मध्येच थांबला. आपलंच वाक्य वाफेत आपल्यासमोर येऊन उभं राहावं तसं त्याला झालं असावं. "म्हणजे माझ्या हौसेसाठी. हो ना? तिथं परक्या गावात, एका सकाळी त्या पोरीला कळणार, आणि जवळ कुणी नसणार. नको. नको पाठवू तिला. रेनीचं बरोबर आहे."

ग्लेनला त्याच क्षणी उलट वाटायला लागलं होतं. का, ते त्याला सांगता आलं नसतं. आणि आर्विड दार उघडून बाहेर पडला, बर्फाच्या ढिगात आडवा झाला आणि बैलासारखा हंबरला, त्यामुळे विचारलंही कुणी नाही.

*

रेनी लग्न होऊन आली तेव्हा सौना म्हणजे काय ते तिला ठाऊक नव्हतं. तिच्या माहेरची, कॅल्युमेट गावातली कॉर्निश वंशाची माणसं बंद न्हाणीघरात, एकेकटी, दाराला कडी लावून आंघोळ करत. वीस वर्षांत ती सर्वांत खालच्या फळीवरून वर सरकली नव्हती. सासू वर, नणंद मध्ये, आणि आज लेम्पीशेजारी सायमा, गुडघे हनुवटीला लावून, कारण पाय मावत नव्हते.

"उभी राहा बघू," लेम्पी नातीला म्हणाली.

"मुम्मू!" सायमा आजीला म्हणाली.

"लाजतेस काय? मी तुला न्हाऊ घातलंय. पाठ कर इकडे."

सायमा उभी राहिली. डोकं छताला लागलं. लेम्पीनं तिच्या कंबरेच्या वर कातडी ताणून आडव्या उमटलेल्या फिक्या रेघांवरून बोट फिरवलं. "मार्लिस, बघ. ही जुनी रेघ. ही नवी. अजून लाल आहे. पोरगी थांबलेली नाही."

"तुला काय कळतं गं त्यातलं?" मार्लिस म्हणाली.

"मला नाही तर कुणाला कळणार? एकोणिसाव्या वर्षी लग्न झालं तेव्हा मी तुझ्या वडिलांच्या कानापर्यंत येत होते. आर्विड झाला तोवर डोळ्याला डोळा. रोज सकाळी बिचारा शेजारी येऊन उभा राहायचा. म्हणायचा, लेम्पी, अजून किती? मी काय सांगू! लग्नातला झगा आर्विडच्या बारशाला घातला तर घोटे उघडे. पाद्री बघतच राहिला."

सायमा खदखदून हसली. रेनीला हसू आलं नाही. "उंची वाढली म्हणून वेग वाढेल असं कुठं असतं? पॉपलरची झाडंही वाढतात."

"बरोबर आहे, मॉम," सायमा म्हणाली.

रेनीनं भांडायची तयारी केली होती. आणि समोरून आलं 'बरोबर आहे'. "बरोबर आहे ना? मग हातातली जागा सोडून कशाला जायचं?"

"मलाच माहीत नाही मी वेगात आहे का. शप्पथ. कुणालाच माहीत नाही." सायमा एक फळी खाली येऊन बसली. "त्या दिवशी मी पडले ना, तेव्हा सगळ्या पुढं गेल्या. मग एकेकजण मागं पडायला लागली. तिसऱ्या चढावर त्यांचे चेहरे बघितले मी. त्या संपल्या होत्या. मलाही धाप लागली होती गं, घशाला रक्ताची चव आली होती, पण मी संपले नव्हते. मग शर्यतच संपली. मला राग आला."

"कसला राग? चौथी आलीस."

"मी कुठं संपते ते बघायचं राहून गेलं."

दगड गप्प झाले होते, पण कुणी पाणी टाकलं नाही.

रेनी चौदा वर्षं वृद्धाश्रमात कामाला होती. म्हाताऱ्यांना उठवणं, कूस बदलणं, धुणं, पुसणं. नर्सच्या हाताखालची. नर्स व्हायचं राहिलं ते राहिलंच, आणि कॉलेजचं पत्र आलं तेव्हा लेकीआधी तीच रडली होती. कुणाच्या पायात किती जोर उरलाय ते तिला हात लावल्याबरोबर कळे. आता तिनं सहज, कामावर लावावा तसा, सायमाच्या पोटरीवर हात ठेवला. आणि तसाच राहू दिला.

हा पाय तिच्या ओळखीचा नव्हता. गेल्या महिन्यात तिनं या पोरीला आणलेली पँट आखूड झाली म्हणून दुकानदाराला बोल लावले होते. दुकानदारानं काय केलं होतं? लेकीचं माप तिच्या डोक्यात दोन वर्षांपूर्वीचं होतं. एवढं सगळं घरात, तिच्याच टेबलावर जेवून तयार झालं, आणि तिनं विचारलंसुद्धा नाही.

"पाय आवळ," ती म्हणाली. "आता सोड. परत आवळ." मग थोड्या वेळानं, कुणाकडेच न बघता, "अगं बाई."

"काय झालं?" मार्लिसनं विचारलं.

"काही नाही. नर्सिंगला परत अर्ज करता येतो ना?"

"करता येतो. पण मिळेलच असं नाही. मी आधीच सांगतेय, मग माझ्यावर येऊ नकोस."

"आणि नाही मिळाली जागा तर?" रेनीनं लेकीला विचारलं.

"तर नाही मिळाली," सायमा म्हणाली. तिचा आवाज मात्र जरा बारीक झाला. "मला भीती वाटते त्याची. पण इथं राहिले तर दुसऱ्या गोष्टीची वाटेल."

रेनी उठली आणि वीस वर्षांत पहिल्यांदा तिनं स्वतः पळी घेऊन दगडांवर पाणी ओतलं. लेम्पीनं वरून मार्लिसला गुडघ्यानं ढोसलं.

*

कॉफी झाली, नीसू, म्हणजे वेलदोड्याचा गोड पाव, कापला, आणि लेम्पी म्हणाली, "हं. काय ठरलं?"

"ती जाणार," रेनी म्हणाली.

"तिनं जाऊ नये," आर्विड म्हणाला.

दोघं एकदमच बोलली, त्यामुळे कोण काय म्हणालं ते कळायला टेबलाला एक घोट कॉफी लागली.

"काय म्हणालास?" रेनीनं कप खाली ठेवला.

"हातचं सोडून पळत्याच्या पाठीस लागू नये. नर्सिंगची जागा रोज मिळत नाही."

"हे माझं वाक्य आहे! गेल्या रविवारी याच खुर्चीवरून मी म्हटलेलं."

"चांगलं आहे म्हणून वापरतोय."

"मार्चपासून माझं डोकं खाल्लंस. 'रेनी, तुझी झेप बशीएवढी.' आता मी हो म्हटलं तर तू नाही? म्हणजे मी जे म्हणेन त्याच्या उलट, एवढंच ना?"

"तसं नाही."

"मग कसं? कारण सांग."

आर्विडचं खरं कारण सौनात राहिलं होतं. त्यानं मग वाऱ्यावरची कारणं गोळा केली: व्हर्मांटचं खाणं बरं नसतं, तिथला बर्फ ओला असतो, एकोणीस वर्षांची घोडी शाळेत बसलेली बरी दिसत नाही. प्रत्येक कारणागणिक रेनीचा चेहरा लाल होत गेला. ग्लेननं सबंध तोंड कपात घातलं होतं, आणि मार्लिसच्या नजरेतून ते सुटलं नाही. कप रिकामा होता.

"ग्लेन, तुला काहीतरी माहितेय," ती म्हणाली.

"आतलं आत," ग्लेन म्हणाला.

"काका," सायमा आर्विडला म्हणाली. ती आतापर्यंत भांडणाकडे टेनिस बघावं तशी बघत होती. "आत काय झालं?"

"ऐकलं नाहीस? आतलं आत."

"मग आत चल ना. मला तिथं सांग."

सगळ्यांनी लेम्पीकडे बघितलं. साठ वर्षांत असली मागणी कुणी केली नव्हती. पुरुष आणि बायका एकत्र, छे. लेम्पीनं नीसूचा तुकडा कॉफीत बुडवला आणि विचार होईपर्यंत बुडवून ठेवला.

"कपड्यांनिशी," ती म्हणाली. "सौनाबाहेरच्या खोलीत बसा. आतलं दार उघडं ठेवायचं. अंगाला ऊब लागली म्हणजे सौनाच झालं."

*

आर्विड कोट घालून बाकावर बसला, आणि त्यानं सांगितलं. तीन वाक्यांत उरकलं. सायमा रडेल, धीर देईल, निदान गप्प बसेल असं त्याला वाटलं होतं.

"तेविसाव्या दिवशीच का?" तिनं विचारलं.

"म्हणजे?"

"बाविसाव्या दिवशी का नाही कळलं? त्या दिवशी काय झालं?"

आर्विडला आठवावं लागलं. "दहा किलोमीटरची चाचणी होती. एका फिनलंडच्या पोरानं मला ओलांडलं. आधल्या आठवड्यात तो माझ्यामागं होता."

"ओलांडताना तू जोर लावलास?"

"होता तेवढा सगळा."

"मग?"

"मग काही नाही. आणखी नव्हताच."

"कसं वाटतं ते?"

चाळीस वर्षांत हे त्याला कुणी विचारलं नव्हतं. लोकांनी गुडघ्याचीच चौकशी केली होती. "विचित्र," तो सावकाश म्हणाला. "आधी शांत वाटतं. खोटं वाटेल तुला. झाडं दिसायला लागतात. बर्फाचा आवाज ऐकू येतो. मग घरी काय सांगायचं ते डोक्यात येतं, आणि तिथून पुढं वाईट."

"म्हणजे कळलं ते वाईट नव्हतं. घरी सांगायचं वाईट होतं."

आर्विडनं तिच्याकडे पाहिलं. मग उघड्या दारातून विझत आलेल्या निखाऱ्यांकडे.

"मी संपले तर पहिला फोन तुला," सायमा म्हणाली. "कितव्या दिवशी तेही सांगेन. बाकीच्यांना तू सांग. चालेल?"

"आणि नाही संपलीस तर?"

"तर तुला फोन करायला वेळच नसेल."

तो मोठ्यानं हसला. सौनात इतक्या मोठ्यानं हसायची परवानगी नसते, पण ही तर बाहेरची खोली होती.

*

ती दोघं परत आली. आर्विड बसला नाही. खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिला.

"जाऊ दे तिला," तो म्हणाला. "आणि दुसरं. कोलोरॅडोत माझ्या गुडघ्याला काही झालं नव्हतं. मीच कमी पडलो होतो."

मार्लिसच्या मनात चाळीस वर्षांची उचललेली कपाटं, ओढलेले सोफे आणि ग्लेनची पाठ एकदम उभी राहिली. ती तोंड उघडणार तेवढ्यात लेम्पी म्हणाली, "माहितेय."

"काय माहितेय?"

"सोमवारी उजव्या पायानं लंगडायचास, गुरुवारी डाव्या. तुझे वडील म्हणाले, लेम्पी, त्याला विचारूया. मी म्हटलं, सांगेल तेव्हा सांगेल. जरा उशीर झाला एवढंच. बस, कॉफी गार होतेय."

आर्विड बसला. रेनीनं त्याचा कप भरला, आणि मग शाळेचे कागद टेबलावर मांडले. पाच पानं होती. जन्मतारीख, लशी, ॲलर्जी. शेवटच्या पानावर पालकांसाठी एक प्रश्न होता, खाली चार ओळी रिकाम्या: या वर्षाकडून आपल्या पाल्याबाबत आपली काय अपेक्षा आहे?

"यात काहीतरी चांगलं लिहावं लागतं," मार्लिस म्हणाली. "जिद्द, शिस्त, नेतृत्व. मी सांगते, लिहून घे."

"थांब," ग्लेन म्हणाला. त्यानं रेनीच्या हातातून पेन घेतलं.

सगळे बघत राहिले. तो हळूहळू, पावतीवर लिहावं तशा उभ्या अक्षरांत लिहीत होता, आणि दुसऱ्या हातानं झाकत होता, शाळेतल्या मुलासारखा. एवढं लिहायला त्याच्याकडे काय आहे, याचा टेबलावर कुणालाच अंदाज येईना. सायमा मान लांब करून डोकावली. त्यानं हात आणखी सरकवला. मग सही केली आणि कागद बायकोपुढं ढकलला.

रेनीनं वाचलं. एकदा वाचलं, पुन्हा वाचलं.

"मोठ्यानं वाच की," लेम्पी म्हणाली.

"'माहीत नाही,'" रेनीनं वाचलं. "'कळलं की आम्हालाही सांगा.'"

आणि तिनं त्याच्याखाली आपलं नाव लिहिलं.